‘माझ्या गावातला बिग ब्रदर’ : असाइनमेंट द्यावी की नको?

*मॅडम, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज बसनं ये-जा करते. इंग्रजीच्या सरांनी आम्हाला जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ वाचायला लावली आणि ‘या कादंबरीला तुमचा प्रतिसाद’ अशी असाइनमेंट दिली.*

*वाचून मला झोप लागली नाही. कादंबरीचा नायक विन्स्टन सरकारी खात्यात बसून जुनी वर्तमानपत्रं बदलतो, भिंतीवरचा पडदा (टेलिस्क्रीन) सर्वसत्ताधीश ‘बिग ब्रदर’साठी माणसांवर नजर ठेवतो, भाषेतले शब्द दरवर्षी कमी करतात. हे सगळं मला आमच्याकडचंच वाटलं. मी चार पानं लिहिली, नाव दिलं ‘माझ्या गावातला बिग ब्रदर’. त्यात येळ्ळूर गावातल्या, काढून टाकलेल्या ‘महाराष्ट्र राज्य’ फलकाचं लिहिलं. पंचायतीतून येणाऱ्या फक्त कन्नडमधल्या कागदांवर आई न वाचता सही करते, ते लिहिलं. घरात कन्नड वाचता येतं ते मला एकटीला, शाळेत होतं म्हणून. पण मी दिवसभर कॉलेजात. शिवाय बाबांचं लिहिलं. ते तरुणपणी मोर्चात होते, केस झाली, कितीतरी वर्षं तारखांना जात होते. आता उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत.*

*सरांनी वाचून खाली एवढंच लिहिलं, ‘यात कादंबरी कुठे आहे? पुन्हा लिही.’ सर कन्नड आहेत. मुली म्हणतात म्हणूनच तसं लिहिलं. पण सर तसे नाहीत, मला माहीत आहे. माझ्या बेंचवरची मैत्रीणही कन्नड. तिनं वाचलं आणि म्हणाली, ‘मग मी पण बिग ब्रदरच काय?’ तेव्हापासून नीट बोलत नाही. घरात बाबा म्हणतात, ‘लिहून काय मिळतंय गे? माझं बघितलीस न्हवं. कागदावर नाव घालू नको.’*

*सोमवारी द्यायची आहे. बाबांचं ऐकून नुसता सारांश लिहून दिला तर मीही विन्स्टनसारखीच झाले ना? आणि आहे तसं दिलं तर? पानं सोबत जोडते. काय करू?*

*– एक विद्यार्थिनी*

असाइनमेंट दे. नुसता सारांश देऊ नकोस आणि ही चार पानंही आहेत तशी देऊ नकोस. सोमवारपर्यंत वेळ आहे, पुन्हा लिही. पहिल्यापेक्षा अवघड लिहावं लागेल, पण तुला ते जमेल, कारण जे लागतं ते तुझ्या पानांत आधीच विखुरलेलं आहे.

सरांचा प्रश्न मला रास्त वाटतो. ते कन्नड आहेत म्हणून त्यांनी तो विचारला असं मुली म्हणतात, पण मी मराठी आहे आणि पानं वाचल्यावर माझ्याही मनात तोच आला. पहिल्या पानाच्या मध्यापर्यंत विन्स्टन आहे, टेलिस्क्रीन आहे, मग कादंबरी बाजूला पडते आणि उरलेली साडेतीन पानं आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं भाषण होऊन जातं. ते भाषण खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्यातल्या पुष्कळ गोष्टी घडलेल्या आहेत. पण ते तू कादंबरी न वाचताही लिहू शकली असतीस. सर विचारताहेत ते इतकंच, की या पुस्तकानं तुला असं काय दाखवलं, जे आधी दिसत नव्हतं.

तुझ्या पानांत सत्ता म्हणजे कन्नड आणि सोसणारा म्हणजे मराठी, अशी वाटणी झाली आहे. आता पुस्तकाकडे बघ. ओशेनिया या कादंबरीतल्या देशात, त्या लंडनमध्ये, छळणारे आणि छळले जाणारे एकाच भाषेचे आहेत. एकाच कँटीनमध्ये जेवतात, एकाच जिन्यावर राहतात. विन्स्टनला पकडून देणारा म्हातारा दुकानदार त्याच्याशी जुन्या लंडनच्या गाण्यांबद्दल प्रेमानं बोलतो. त्याची भाषा, त्याची आवड, त्याच्या आठवणी, सगळं विन्स्टनच्या ओळखीचं असतं आणि म्हणूनच विन्स्टन फसतो. ‘आपल्यातला’ माणूस सुरक्षित आणि ‘त्यांच्यातला’ धोक्याचा, ही सोपी खूणगाठ ऑर्वेलनं जाणूनबुजून काढून घेतली आहे. आपल्या भागात ती खूणगाठ आपल्याला फार लवकर शिकवली जाते, म्हणून आपल्याला हे पुस्तक इतर कुणाहीपेक्षा जास्त टोचायला हवं.

विन्स्टनचंही तेच. तुझ्या पानांत तो निव्वळ बिचारा आहे. पण तो करतो काय? सत्य मंत्रालयाच्या नोंदी विभागात बसून जुने अंक बदलतो. चॉकलेटचं रेशन तीस ग्रॅमवरून वीसवर येणार असतं, तर ‘रेशन कमी करणार नाही’ हे आधीचं सरकारी आश्वासनच तो पुसून टाकतो. आणि पाठोपाठ रेशन वीस ग्रॅमवर *वाढवल्याबद्दल* लोकांनी आभार मानले, अशी बातमी येते आणि त्याच्या आसपासची माणसं ती गिळतात. कॉम्रेड ओगिल्वी नावाचा अस्तित्वातच नसलेला शूर सैनिक तो एका बैठकीत तयार करतो. आणि लेखकानं स्पष्ट सांगितलंय की आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद विन्स्टनला या कामातच मिळतो. तो कुशल आहे, त्याला ते चांगलं जमतं. पुढे बंड करायला निघाल्यावर ओब्रायन, बंडखोर असल्याचं भासवणारा सत्ताधारी पक्षाचा अधिकारी, त्याला विचारतो, आमच्या कामासाठी लहान मुलाच्या तोंडावर ॲसिड टाकावं लागलं तर टाकशील का? विन्स्टन हो म्हणतो. नंतर छळाच्या खोलीत तेच संभाषण त्याला पुन्हा ऐकवलं जातं. हे प्रसंग तू गाळले आहेस. कादंबरीचा कणा तिथे आहे.

ऑर्वेलला हे कुठून कळलं असेल याचा विचार कर. तो १९०३ साली बिहारमधल्या मोतीहारीला जन्मला. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात. तो स्वतः १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता, म्हणजे लाठी ज्याच्या हुकमानं चालते त्या खुर्चीवर बसलेला. पुढे महायुद्धात, १९४१ ते १९४३, बीबीसीतून हिंदुस्थानसाठी रेडिओचे कार्यक्रम करत होता आणि प्रत्येक शब्द सेन्सॉरच्या नजरेखालून जात होता. १९४९ मध्ये ही कादंबरी आली आणि पुढच्याच जानेवारीत तो गेला. सत्तेचा गैरवापर त्यानं आतून पाहिला होता, खुर्चीच्या बाजूनं. म्हणून विन्स्टन मंत्रालयात नोकरीला आहे.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, जे तुझ्या चार पानांत कुठेच नाही. घरात कन्नड वाचता येणारी तू एकटी. माझ्या मते तुझी असाइनमेंट तिथून सुरू होते. आई सही करते तेव्हा कागदात काय आहे हे तिला कोण सांगतं? तू घरी असलीस तर तू. नसलीस तर पंचायतीतला माणूस, किंवा शेजारचं कुणी, किंवा कुणीच नाही. म्हणजे वाचता येणं ही तुझ्या घरातली सत्ता आहे आणि काही वेळा ती तुझ्या हातात आहे. कधी घाईत तू ‘काही नाही गे, सही कर’ म्हणाली आहेस का? म्हणाली असशील तर ते लिही. नसशील तर ज्या दिवशी तू घरी नव्हतीस आणि आईनं सही केली, त्या दिवसाचं लिही. कागद कसला होता, घरपट्टीचा की घरकुलाच्या यादीचा की आणखी कशाचा, कुणी आणला, तिला काय सांगण्यात आलं. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या वाक्याशी कुणीही वाद घालू शकतं. तो एक कागद नीट मांडलास तर वाद घालायला जागा राहत नाही.

आता भाषेचं. तुझ्या तिसऱ्या पानावर तू कादंबरीतल्या ‘न्यूस्पीक’ची आणि कन्नडसक्तीची बरोबरी केली आहेस. इथे मी तुला थांबवते. न्यूस्पीक ही बाहेरून आलेली दुसरी भाषा नाही. लोकांचीच भाषा कापून कापून इतकी लहान करायची, की सरकारविरुद्ध विचार करायला शब्दच उरू नयेत, असा तो डाव आहे. सायम नावाचा भाषातज्ज्ञ अकराव्या आवृत्तीचा शब्दकोश करताना शब्द मारण्यातला आनंद विन्स्टनला सांगतो आणि नंतर एक दिवस स्वतःच नाहीसा होतो. नोटीस बोर्डावरच्या यादीतून त्याचं नावसुद्धा जातं. कन्नड शिकून कुणाचे विचार लहान होत नाहीत. जिच्यात बसवण्णांची वचनं आहेत, ती भाषा न्यूस्पीक कशी होईल? धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे. त्यांनी कन्नडमध्ये कविता लिहिली आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. तुझ्या मैत्रिणीला लागलं ते इथंच असणार. तिची भाषा तिच्यासाठी आईची भाषा आहे आणि तू तिला पक्षाचं हत्यार म्हणालीस.

सक्तीचा मुद्दा यानं संपत नाही. तो नेमका होतो. कागद कन्नडमध्ये आहे, हे कर्नाटकात साहजिक आहे. तो *फक्त* कन्नडमध्ये आहे, ज्या बाईची सही हवी तिला तो वाचता येत नाही हे समोरच्याला माहीत आहे, आणि तरी तो तिच्यापुढे सरकवला जातो, हे चूक आहे. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबारात गेली, त्यांच्यासाठी हिंडलग्याच्या स्मारकावर दर १ जूनला लोक जमतात. भाषा शिकण्याला त्यांचा विरोध होता असं मला वाटत नाही. आपली काढून घेण्याला होता. तुझ्या निबंधात हा फरक एका परिच्छेदात यायला हवा, आणि तो मैत्रिणीला वाचून दाखवता येईल असा यायला हवा.

येळ्ळूरबद्दल तू दीड पान लिहिलंस. जुलै २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक काढला गेला, गावात पोलिसांचा मार बसला, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण तू दोन्ही गोष्टी एका वाक्यात बांधल्यास. फलक काढण्यामागे न्यायालयाचा आदेश होता. तो पटो न पटो, त्याविरुद्ध दाद मागायला वरचं दार असतं. लाठीचं तसं नाही. मारायला आदेश नव्हता, आणि जे घडलं त्याचा जाब विचारायचा तो त्या माराबद्दल विचारायचा. सत्तेचा गैरवापर शोधायचा तर आधी कायद्यानं काय करता येत होतं ते ठरवावं लागतं आणि मग त्यापुढे पाऊल कुठे पडलं ते दाखवावं लागतं. सगळंच अन्याय म्हटलं की खऱ्या अन्यायावरचं बोट निसटतं. हे मी तुला मवाळ व्हायला सांगत नाही. असं लिहिलंस तर तुझं लिखाण जास्त कडक होईल.

‘आम्ही ओशेनियात राहतो’ हे तुझं शेवटचं वाक्य काढून टाक. ओशेनियात न्यायालय नाही, मतपेटी नाही, दुसरं वर्तमानपत्र नाही, आणि कुणी अशी असाइनमेंट देत नाही. सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इतकी वर्षं तो तिथे पडून आहे याची चीड मलाही येते, पण पडून असलेला दावा आणि दावाच नसणं यांत फरक आहे. कादंबरी आपल्या आयुष्याशी ताडून बघायची ती नुसती साम्यं मोजायला नाही. कुठे जुळत नाही, हेही मोजायचं. तुझ्या पानांत दुसरी मोजणी झालेलीच नाही.

आणि आपला देश त्या कादंबरीच्या अगदी जवळ गेला होता तो काळ तुझ्या पानांत नाही, याचं मला वाईट वाटलं. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, काहींनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. हजारो माणसं खटल्याविना तुरुंगात गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण तिथे असताना त्या उभ्या राहून लेखकाच्या स्वातंत्र्यावर बोलल्या, आणि पुढे त्यांना अटक झाली. कर्नाटकात स्नेहलता रेड्डी नावाची कन्नड चित्रपटांतली, रंगभूमीवरची अभिनेत्री बेंगळूरच्या तुरुंगात होती. दम्याचा आजार, तुरुंगात हाल. जानेवारी १९७७ मध्ये तिला सोडलं आणि काही दिवसांतच ती गेली. या दोघींबद्दल वाच. एक मराठी लेखिका, एक कन्नड चित्रपटांतली अभिनेत्री, दोघींना आत टाकणारं सरकार एकच. मार्च १९७७ मध्ये लोकांनी ते सरकार मतदानानं पाडलं. विन्स्टनला ही सोय नव्हती. तुझ्या मैत्रिणीला आणि तुला एकाच बाजूला उभं करणारं उदाहरण हवं असेल तर ते हे आहे, आणि ते गोड बोलण्यासाठी ओढून आणलेलं नाही, घडलेलं आहे.

आणखी एक प्रसंग सुचवते. कादंबरीत रोज ‘दोन मिनिटांचा द्वेष’ असतो. पडद्यावर शत्रूचा चेहरा येतो आणि सगळे ओरडतात. विन्स्टनला ओरडायचं नसतं, पण अर्ध्या मिनिटात तोही ओरडायला लागतो. पुढे द्वेषसप्ताहात भाषण चालू असतानाच शत्रू देश बदलतो, वक्ता वाक्य न तोडता नव्या शत्रूचं नाव घेतो आणि गर्दी तशीच संतापलेली राहते. आता डिसेंबर २०२२ आठव. इकडे हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. त्या ट्रकच्या आणि बसच्या ड्रायव्हरची मातृभाषा कुणी विचारली नव्हती. पगारावर गाडी चालवणारी माणसं ती. त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होतं आणि आपल्या घरात, आपल्या गल्लीत ते बघून काय बोललं गेलं, हे तुला आठवत असेल. तिकडची चीड लिहायला सोपी आहे. इकडची लिहिलीस तर सरांना कादंबरी कुठे आहे असं विचारावं लागणार नाही.

आता तुझा खरा प्रश्न. घाबरून सारांश लिहिला तर मी विन्स्टनसारखी होईन का?

नाही. हे ओझं आजच उतरव. विन्स्टन गप्प राहतो हा त्याचा दोष नाही, तिथे सगळेच गप्प आहेत. तो नोंदी बदलतो, हा त्याचा दोष आहे. वडील घाबरले म्हणून एका मुलीनं साधी असाइनमेंट लिहिली, तर तिनं कुठलीही नोंद खोटी केलेली नाही. सोमवारी तुला धीर झाला नाही आणि तू सारांशच दिलास तरी माझ्या लेखी तू कमी ठरत नाहीस. मी लिही म्हणते ते तू काहीतरी पाहिलं आहेस आणि ते नीट सांगायची ताकद तुझ्यात दिसते म्हणून.

बाबांबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. कादंबरीत विन्स्टनच्या शेजारी पार्सन्स राहतो, बिग ब्रदरवर मनापासून श्रद्धा असलेला भाबडा माणूस. झोपेत तो ‘बिग ब्रदर मुर्दाबाद’ म्हणतो आणि त्याची सात वर्षांची मुलगी दाराच्या फटीतून ते ऐकून त्याला पकडून देते. कोठडीत तो म्हणतो, मला तिचा अभिमान आहे. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात भयंकर जागा ती आहे, शेवटी विन्स्टनला ज्यानं मोडतात त्या उंदरांच्या पिंजऱ्याहूनही. घरात बोललेलं बाहेर जातं, आणि पोटचं मूल ते नेतं.

तू तसं काही केलं नाहीस, तुझ्या मनात प्रेमच आहे. पण बाबांची केस, तारखा, ते कुठे काम करतात, हे सगळं तू त्यांना न विचारता कागदावर आणलंस. तो अनुभव त्यांचा आहे. कोर्टाच्या बाकावर दिवस घालवलेत ते त्यांनी, बुडाली ती त्यांची हजेरी. ‘कागदावर नाव घालू नको’ म्हणणाऱ्या माणसाचं म्हणणं त्यांच्या बाबतीत तरी पाळायलाच हवं. म्हणून बाबांचा परिच्छेद काढ, निदान सध्या. आणि रविवारी ते घरी असतील तेव्हा त्यांच्याजवळ बसून विचार, की काय झालं होतं. असाइनमेंटसाठी विचारतेय असं म्हणू नको, कारण तसं विचारलंस तर ते दोन वाक्यांत उरकतील. तुला जाणून घ्यायचंय म्हणून विचार. बहुतेक घरांत या गोष्टी मुलींना अर्धवटच माहीत असतात. मोर्चाला गेलेला मुलगा पुढे लेकीला लिहू नको म्हणायला लागतो, इथवर तो कसा येतो, हे तुला त्यांच्याकडून कळलं तर सत्ता माणसाच्या आत कशी शिरते यावर तुला कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकापेक्षा जास्त कळेल. त्यांनी ‘लिही’ म्हटलं तर लिही. नाही म्हटलं तर ते तुझ्याजवळ राहू दे.

त्यांची भीती पोकळ आहे असं त्यांना सांगू नकोस. ती अनुभवातून आली आहे. पण एवढं नक्की सांग, की कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये सरकारच्या कामावर टीका करणं हा गुन्हा नाही. राज्यघटनेच्या कलम १९ नं बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानं मत मांडणं, त्याचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं यांत फरक केला आहे. तू मत मांडते आहेस. असाइनमेंट सरांच्या हातात जाते, भिंतीवर लागत नाही. तरीही तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस आणि मुलींना टाकू देऊ नकोस. निबंध अर्धा कापून, एकच ओळ उचलून फिरवला जातो, आणि मग त्या ओळीचा जबाब तुला द्यावा लागतो. बाबांना ज्याची धास्ती आहे ते इथून होऊ शकतं, सरांकडून नाही.

लिहायचं कसं, तर पहिला खर्डा मराठीत काढ. तुझी पानं इंग्रजीत आहेत आणि जिथे तुला राग आला आहे तिथे इंग्रजी वाक्यं पाठ केल्यासारखी झाली आहेत. पत्रातलं मराठी किती जिवंत आहे ते बघ. मराठीत लिही, दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत नव्यानं लिही. चार पानं नकोत, दोन पुरेत. आईच्या कागदापासून सुरुवात कर, तिथून विन्स्टनच्या टेबलापाशी जा, न्यूस्पीक आणि कन्नड यांतला फरक सांग, आणीबाणीचा एक परिच्छेद घाल. येळ्ळूर ठेवायचं असेल तर लाठीचं ठेव, फलकाचं थोडक्यात. शीर्षक बदल. त्यातला ‘माझ्या गावातला’ वाचला की वाचणारा लगेच माणूस शोधायला लागतो, कोण हा, पीडीओ (पंचायतीचा विकास अधिकारी) की आणखी कुणी. तुला एका माणसाकडे बोट दाखवायचं नाही.

मैत्रिणीला नवा खर्डा सरांच्या आधी दे. माफी मागायची घाई करू नकोस. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दे. ‘तू बिग ब्रदर नाहीस, आणि मी तसं लिहिल्यासारखं झालं कारण मी नीट विचार केला नव्हता’, इतकं पुरेल. मग तिला विचार की तिच्या घरी सरकारी कागद कोण वाचतं. कन्नड बोलणाऱ्या घरातही सगळ्यांना सरकारी कन्नड कळतं असं नाही. तिची आजीही कदाचित न वाचताच अंगठा देत असेल. तिनं सांगितलेलं काही तुला वापरावंसं वाटलं तर तिला विचारून वापर. बाबांच्या बाबतीत जे सांगितलं तेच इथेही.

सरांना सोमवारी पानं देताना सांग की तुमचा प्रश्न बरोबर होता. ज्या मुली ‘ते कन्नड आहेत म्हणून’ म्हणाल्या त्यांच्यादेखत सांगितलंस तर आणखी बरं.

राहिला तो कागद. असाइनमेंट देऊन झाली तरी आईची सही पुढच्या महिन्यात पुन्हा लागणारच आहे, म्हणून हे वेगळं लिहिते. राज्यघटनेच्या ३५०व्या कलमानुसार कोणाही माणसाला आपल्या तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याला देता येतं. म्हणजे आई मराठीत अर्ज देऊ शकते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्के किंवा जास्त आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असं अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेलं धोरण आहे, आणि त्यावर लक्ष ठेवायला केंद्राचा भाषिक अल्पसंख्याक आयुक्त असतो. अर्जात भांडण नको. ‘मला कन्नड वाचता येत नाही, सहीआधी कागद मराठीत मिळावा किंवा वाचून दाखवून समजावून सांगावा’ एवढंच लिहायचं. तो पीडीओच्या नावानं पंचायतीत द्यायचा, एक प्रत आयुक्तांकडे पाठवायची. आधी सही केलेल्या कागदांत काय होतं ते बघायचं असेल तर माहितीच्या अधिकारात नकला मागता येतात. तो अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा कन्नडमध्ये करावा लागतो, दहा रुपये फी असते आणि तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील असतात. कन्नडमध्ये तूच लिही, तुला येतं.

अर्ज आईनं स्वतः द्यावा. तू सोबत जा, पण बोलायचं तिनं. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय तिथून निघू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं म्हणायला त्यांना मोकळीक राहते.